भीमबेटकाचा डिकिन्सोनिया आणि मधमाश्यांचे पोळे

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीच्या आसपास आद्य सागरी प्राण्यांचे जीवाश्म शोधू पाहणाऱ्याच्या पदरी निराशाच पडेल, कारण जिल्ह्यातील साकोली गटाचे खडक १०० कोटी वर्षांहून जुने असून त्यांच्यातील मूळचा गाळ उष्णतेने आणि दाबाने इतका पालटला आहे की त्यातून कायनाइटसारखी खनिजे घडली. अशा रूपांतरित खडकात कोवळ्या देहाचा ठसा टिकत नाही. म्हणूनच मध्य भारतातील कमी रूपांतरित अशा विंध्य खडकांकडे अभ्यासकांची नजर वळते.

अशाच आद्य सागरी जीवांपैकी डिकिन्सोनिया ही लुप्त प्रजाती सुमारे ५६ ते ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात राहत होती. हाडे नाहीत, कवच नाही, तोंडाचा मागमूस नाही. चपट्या लंबगोल देहावर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, गोधडीच्या टाक्यांसारख्या रेघा. तळावरचा सूक्ष्मजीवांचा थर हा जीव बहुधा पोटाच्या पृष्ठभागानेच शोषून घेत असावा. रेग स्प्रिग यांनी १९४७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील ठशांवरून तिचे नामकरण केले. पुढे कोणी तिला दगडफुलांत (लायकेन) तर कोणी बुरशीत बसवले. २०१८ मध्ये रशियातील श्वेत समुद्राकाठच्या नमुन्यांत कोलेस्टेरॉलचे अवशेष सापडले, तेव्हा ती प्राणीच असल्याचे मत बळावले.

२०२१ मध्ये ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातील याच विंध्य खडकांतल्या भीमबेटका येथील एका गुहेत, म्हणजे विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये प्रकाशात आणलेल्या शैलाश्रयांच्या परिसरात, सुमारे १७ इंचांचा डिकिन्सोनिया असल्याचे जाहीर केले. दावा लहान नव्हता: तो खरा ठरता तर तेथील वरच्या विंध्य थरांचे वय सुमारे ५५ कोटी वर्षांवर येऊन ठेपले असते, आणि हे वय किती, हा वाद तर फार जुना.

जोसेफ मिर्ट यांच्या पथकाने प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा हा ‘जीवाश्म’ खडकावरून पापुद्र्यासारखा सुटत चालला होता. कोट्यवधी वर्षे खडकाचाच भाग होऊन राहिलेला ठसा असा सोलून निघत नाही! जवळून काढलेल्या छायाचित्रांत मेणाच्या घरांची रचना दिसली आणि परिसरात मधमाश्यांची मोठी पोळीही होती. २०२३ मध्ये त्यांनी ते कुजलेले पोळे असल्याचे प्रसिद्ध केले. रिटॅलॅक यांनी ते मान्य केले, ही गोष्ट विज्ञानात दिसते तितकी सहज घडत नाही. वालुकाश्मातील झिरकॉन या खनिजाच्या कणांचे वय मोजून या थरांना सुमारे १०० कोटी वर्षांचे ठरवणाऱ्या अभ्यासकांसमोरचा एक मोठा आक्षेप त्यामुळे उरला नाही.