भाडेकरूचा कुत्रा चावला, तर घरमालकाचं काय?

समजा, इंदूरला तुमचं दुमजली घर आहे. वर तुम्ही राहता, खाली भाडेकरू. त्यांच्याकडे एक जर्मन शेफर्ड आहे. अंगणाच्या फाटकाची कडी दोन महिन्यांपासून नीट लागत नाही. भाडेकरूने व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा कळवलं, तुम्ही "बघतो" म्हणालात. एका सकाळी फाटक उघडं राहिलं आणि कुत्रा पेपर टाकणाऱ्या मुलाच्या पोटरीला कडकडून चावला. संध्याकाळी मुलाचे वडील दारात उभे! ते आधी बेल कोणाची वाजवतील? बहुतेक तुमचीच, कारण फाटकावरची पाटी तुमच्या नावाची आहे.

"कुत्रा माझा नाही" हे तुमचं उत्तर अर्धंच बरोबर आहे.

आधी बरोबर अर्ध्याबद्दल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे महत्त्वाचा शब्द 'ताब्यातल्या'. कुत्रा भाडेकरूच्या ताब्यात असतो, म्हणून हे कलम सहसा त्याच्यावरच लागतं. वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये 2018 साली पाळीव हस्की चावल्याच्या प्रकरणात 2025 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने चार महिन्यांची कैद सुनावली, ती कुत्र्याच्या मालकाला. नोएडातही 1 मार्च 2023 पासून 10,000 रुपयांचा दंड आणि जखमीच्या उपचाराचा खर्च प्राण्याच्या मालकावर ठेवला आहे.

मात्र भाडेकरू गावाला गेला आणि चार दिवस कुत्रा तुम्ही सांभाळलात, तर तेवढे दिवस ताबा तुमचा. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आता उरलेलं अर्धं. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा असतो. घरमालक आणि भाडेकरूचा कुत्रा यांच्याविषयी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. मग प्रश्न येतो तो निष्काळजीपणाचा. तुम्हाला धोका माहीत होता का? तो टाळणं तुमच्या हातात होतं का? अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने 1975 मध्ये अगदी याच दोन प्रश्नांवर बोट ठेवलं होतं. भाडेकरूचा कुत्रा एका लहान मुलीला चावला होता. कुत्रा धोकादायक आहे हे घरमालकाला प्रत्यक्ष माहीत असेल आणि भाडेकरार संपवण्याचा अधिकार त्याच्याकडे असेल, तर त्याला हात झटकता येणार नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल आपल्या न्यायालयांना बांधील नाही, पण मुलाच्या वडिलांचा वकीलही तुम्हाला हेच दोन प्रश्न विचारेल.

म्हणजे इंदूरच्या त्या घरात तुमची खरी अडचण कुत्रा नाही, कडी आहे. फाटक सामाईक, दुरुस्ती तुमची आणि ते दोन मेसेज पुरावा. तेच घर तुम्ही बंगळुरूला बसून भाड्याने दिलेलं असतं, कुत्रा आहे हेही तुम्हाला ठाऊक नसतं, तर तुम्हाला दोषी ठरवणं खूप कठीण गेलं असतं.

यावर अनेक जण सोपा उपाय काढतात: कुत्रेवाल्यांना घरच द्यायचं नाही. मला ही पळवाट वाटते, कारण पुष्कळ भाडेकरू कुत्रा नंतर आणतात आणि मग लपवतात. त्यापेक्षा करारातच कुत्र्याची नोंद करा: जात, वय, महापालिकेचा परवाना, दरवर्षी रेबीजची लस दिल्याचा दाखला. जिन्यात, लिफ्टमध्ये आणि अंगणात पट्टा बांधलेलाच असेल, कोणाला इजा झाली तर खर्च भाडेकरू देईल आणि चाव्याची तक्रार आली तर करार संपवता येईल, हेही लिहा. अर्थात, ही खर्चाची अट तुमच्या दोघांतली आहे. जखमी माणसाला ती तुमच्यावर दावा करण्यापासून अडवत नाही. काही कंपन्यांच्या कुत्र्यांच्या विम्यात दुसऱ्याला झालेल्या इजेचीही सोय असते, भाडेकरूला तो घ्यायला सांगा.

आणि फ्लॅट सोसायटीत असेल, तर "सोसायटीत कुत्रा चालत नाही" या वाक्यावर विसंबू नका. पाळीव प्राण्यांवर सोसायट्यांना सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच कळवलं आहे.

तरीही कुत्रा चावलाच, तर चूक कोणाची हे नंतर बघा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन लस सुरू करा. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना विचारा. पुढचे डोस ठरल्या तारखांनाच घ्यायला हवेत. त्या मुलाला दवाखान्यात तुम्ही स्वतः नेलंत, तर वडिलांशी बोलणंही सोपं जातं. परतल्यावर भाडेकरूला लेखी कळवा, कुत्र्याच्या लसीचा दाखला मागून घ्या आणि वेल्डरला फोन करा. ती कडी अजून तशीच आहे.