बँकॉकला जाताना



आपल्या शाळेतील बरीच कुटुंबे हल्ली दिवाळीच्या सुट्टीत बँकॉकला जातात आणि जाण्यापूर्वी माझ्याकडे चौकशीला येतात. मी व सौ. २०२३ साली जाऊन आलो, आणि फसूनही आलो. म्हणून हा लेख.

आधी कागदपत्रांचे. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करावी. १ मे २०२५ पासून प्रवेशाचा डिजिटल फॉर्म भरणे सक्तीचे आहे. तो पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि पूर्ण मोफत असतो. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे. ई-सिगारेटला तेथे बंदी आहे, हे घरातील तरुण मंडळींना सांगून ठेवावे.

सुवर्णभूमी विमानतळावरून (नाव वाचूनच आपल्याला घरी आल्यासारखे वाटते!) शहरात जायला रेल्वे आहे. फया थाई या शेवटच्या स्टेशनापर्यंत अर्धा तास लागतो आणि तिथेच वरून धावणारी स्कायट्रेन मिळते. सामान जास्त असेल तर टॅक्सी करावी, पण मीटरनेच. विमानतळाचे ५० बाथ मीटरपेक्षा वेगळे द्यावे लागतात, त्यावरून वाद घालू नये.

आता आमची गोष्ट. राजवाड्याच्या भिंतीपाशी इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "आज पूजा आहे, राजवाडा दुपारनंतर उघडेल. तोवर टुकटुकने फिरून या, फक्त २० बाथ." टुकटुक म्हणजे आपली ऑटोरिक्षाच. तिने आम्हाला एका मंदिरात नेले आणि मग रत्नांच्या दुकानात. ग्राहक आणला की चालकाला दलाली मिळते, हे नंतर समजले. "भारतात दुप्पट भावाने विकाल," असे ऐकून मी, मुलांना टक्केवारी शिकवणारा माणूस, ४,००० बाथचा नीलम घेतला. परत आलो तेव्हा पावणेचार वाजले होते. राजवाडा सकाळपासून उघडाच होता, तिकीट खिडकी मात्र साडेतीनला बंद होते. दुसऱ्या दिवशी विमान. आतील वाट फ्रा केव मंदिराच्या ओवरीत रामायणाची १७८ भित्तिचित्रे आहेत. सौ. त्यासाठीच आली होती. सराफ्यातल्या आमच्या ओळखीच्या जवाहिऱ्याने नीलम पाहिला आणि चहा मागवला. किंमत सांगितली नाही.

तर कोणी काहीही सांगो, मुख्य दारापर्यंत चालत जावे आणि तेथील पहारेकऱ्याला विचारावे. सकाळी साडेआठलाच पोहोचावे, ऊन कमी असते. खांदे व गुडघे झाकलेले हवेत. बर्मुडावाल्यांना आत सोडत नाहीत.

शाकाहारी मंडळींची खरी अडचण म्हणजे भाजीतही पडणारा माशांचा रस्सा, "नाम प्ला". नुसते व्हेज म्हणून भागत नाही. थाई भाषेत "मंगसविरत" म्हणावे. शब्द आपलाच आहे, मांस अधिक विरती! पण त्यात अंडे येऊ शकते. "जे" म्हटले तर अंडेही नाही आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात हा शब्द लिहिलेला असतो. आपल्या जैन पालकांनी तीच पाटी शोधावी.

राजवाड्याचे तिकीट परदेशी माणसाला ५०० बाथ आहे. रोख जवळ ठेवावी.