गव्हाची चपाती आणि मामीचा पाय

(द्वितीय वर्ष, कला)

वैद्यकीय विषयावर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडलेला नाही. पण आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे डॉक्टरांचा कागद असो की औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी असो, जे जे म्हणून इंग्रजीत ते माझ्यापुढे येते. गेल्या पावसाळ्यात मामीने असाच एक प्रश्न पुढे टाकला. "इंजेक्शन बंद करू का गं? चपाती सोडल्यापास्नं पाय चांगला चालाय लागलाय. तू कॉलेजात जातीस न्हवं, तूच वाचून सांग."

मामीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. डॉक्टर नुसते 'एम. एस.' म्हणतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरने १८६८ साली या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे आवरण असते, तसे आपल्या मेंदूतल्या व मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचे आवरण असते. शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून या आवरणावरच तुटून पडते. मग कुणाची नजर अंधुक होते, कुणाचे हात बधिर होतात. मामीचा उजवा पाय ओढल्यासारखा होऊ लागला होता.

या रोगाची एक खोड मात्र नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून होतो. बहुतेक रोग्यांत सुरुवातीची काही वर्षे तो झटक्याझटक्याने येतो आणि आपला आपण ओसरतो. काही आठवडे माणूस हैराण असतो, मग महिनोन्‌महिने बरा असतो. काही न करताही बरा असतो!

मामीने चपाती सोडली ती शेजारच्या एका बाईंच्या सांगण्यावरून. 'गव्हात ग्लूटेन असते, ते विष आहे, ते सोडा म्हणजे एम. एस. जातो.' हे ग्लूटेन काय ते मी घरीच पाहिले. कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत राहिले. दुधासारखे पांढरे पाणी वाहून गेले आणि हातात रबरासारखा चिकट लगदा उरला. हाच प्रयोग इटलीतल्या बोलोन्या शहरी एका गृहस्थाने १७२८ साली विद्वानांपुढे मांडला होता. त्याचे नाव बेक्कारी, पण माणूस चांगला प्राध्यापक होता! हा लगदा म्हणजे ग्लूटेन. गव्हात ते असते, त्याच्या जातीची प्रथिने जवात व राय धान्यात असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत नसते. (शहरात ज्वारीचेच पीठ 'ग्लूटेनमुक्त' अशी चिठ्ठी लावून भारी दराने विकतात, हे ऐकून आजीने कपाळाला हात लावला.)

ग्लूटेन सर्वांना विष नसले, तरी काहींना खरोखर विष आहे, हे नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने दाखवले. सीलिएक या रोगाची मुले खात असूनही वाळत जात. १९४४–४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि ही मुले उलट सुधारली, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण डिकेला गव्हाचा संशय युद्धाच्या आधीच आला होता, आणि मला मोठेपणा वाटतो तो त्याने पुढे काय केले याचा. त्याने गहू बंद केला, पुन्हा दिला, पुन्हा बंद केला. दर वेळी वजन घेतले. पुढे सहकाऱ्यांबरोबर विष्ठेतून किती चरबी वाया जाते तेही मोजले. १९५० साली प्रबंध लिहिला. सीलिएकवर आजही आयुष्यभर ग्लूटेन वर्ज्य करणे हाच उपाय आहे.

एम. एस. साठी हाच उपाय गाजला तो रॉजर मॅकडुगल या स्कॉटिश नाटककारामुळे. 'द मॅन इन द व्हाइट सूट' हा १९५१ चा चित्रपट त्याच्याच नाटकावरचा. १९५३ साली त्याला एम. एस. असल्याचे निदान झाले आणि पुढे तो चाकाच्या खुर्चीला खिळला. मग त्याने ग्लूटेन सोडले, साखर व प्राण्यांची चरबी कमी केली, जीवनसत्त्वे घेतली. कालांतराने तो हिंडूफिरू लागला. आपली हकीकत त्याने पुस्तिकेत लिहिली आणि हजारो रोग्यांनी ती आशेने वाचली. तो १९९३ पर्यंत जगला. तो खोटे बोलला असे मी मुळीच म्हणत नाही. पण चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा? आणि ज्या रोगात माणूस आपोआपही सुधारतो, त्यात एकट्याच्या सुधारण्यावरून काय ठरवायचे?

तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी काकतालीय न्याय शिकवला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! मी मोठ्या ऐटीत सरांना सांगितले, "सर, आमची मामी जन्मभर ज्वारीची भाकरी खाणारी. गहू घरात आला तो रेशनवर मिळू लागल्यावर. म्हणजे गव्हाचा संबंध नाहीच." सर हसले आणि म्हणाले, "एका मामीवरून तूही तेच केलेस." माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल.

संबंध नाहीच, असेही म्हणता येत नाही. काही माणसांत ग्लूटेनमुळे मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाला इजा होते, हे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डॉक्टरांनी १९९० नंतर दाखवले. पण तो रोग निराळा. एम. एस. मध्ये ग्लूटेन सोडल्याचे प्रयोग थोडे आणि लहान झाले. शिवाय आपण चपाती सोडली आहे हे रोग्याला माहीतच असते, त्यामुळे मनाचा भाग वेगळा काढता येत नाही. औषधांचे तसे नाही. १९९३ पासून झटके कमी करणारी औषधे मिळू लागली, ती शेकडो रोग्यांवर, काहींना खोटे औषध देऊन, पारखलेली आहेत.

हे सगळे मी मामीला चुलीपुढे बसून सांगितले. तिला मॅकडुगलचे फार वाईट वाटले. इंजेक्शन बंद केले नाही. पुढच्या तपासणीला मी बरोबर गेले आणि चपातीची गोष्ट डॉक्टरांना सांगितली. सीलिएकची रक्ततपासणी करून घेऊ, म्हणाले. पण गहू सोडलेला असताना ती फसवी येते, म्हणून आधी काही आठवडे रोज चपाती खायला लावली. मामी भीत भीत खात होती. तपासणीत सीलिएक निघाला नाही.

कागद वाचून दाखवल्यावर तिने एकच विचारले, "म्हंजी शिमग्याला पोळी चालंल?"