"पोरगं लय भारी, पण..." : टॅलेंट की अ‍ॅटिट्यूड? पृथ्वी शॉच्या वादातून दुकानदारानं काय घ्यायचं?



क्रिकेटचा विषय निघाला आणि पृथ्वी शॉचं नाव आलं, की कुठल्याही कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "असला बॅट्समन रोज निघत नाही. त्याला बाहेर बसवणाऱ्यांनाच खेळ कळत नाही." दुसरी म्हणते, "टॅलेंट घेऊन काय करायचंय भावा, अ‍ॅटिट्यूडच नाही." चहाचे दोन राउंड होतात, पण वाद मिटत नाही.

हा वाद आज इथं का घेतलाय? कारण हाच वाद, फक्त नाव बदलून, तुमच्या-माझ्या दुकानात चालू असतो. माझ्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सर, एक पोरगा आहे. त्याच्याकडं गेलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जात नाही. पण वेळेवर येत नाही, सांगितलेलं ऐकत नाही. ठेवू की काढू?"

व्हिडिओत याचं उत्तर पाच मिनिटांत दिलं होतं. इथं जरा सविस्तर बघू.

आधी आकडे, मग मत

पृथ्वी विरारचा. लहानपणीच आई गेली. वडील त्याला पहाटे लोकलनं बांद्र्याला सरावाला घेऊन जायचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी, त्यानं हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. रणजीच्या पहिल्याच सामन्यात शतक, दुलीप करंडकाच्या पहिल्या सामन्यात शतक. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या कॅप्टनशिपखाली भारतानं १९ वर्षांखालील वर्ल्ड कप जिंकला. त्या टीमचा उपकर्णधार होता शुभमन गिल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी खेळताना पृथ्वीनं १५४ चेंडूंत १३४ धावा काढल्या.

आता दुसरी बाजू. २०१८ च्या शेवटी ऑस्ट्रेलियात सराव सामन्यात घोटा दुखावला आणि दौरा हुकला. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातून बंदी असलेला पदार्थ पोटात गेला म्हणून आठ महिन्यांची बंदी आली. हे नकळत झालं, हा त्याचा खुलासा बीसीसीआयनं मान्य केला होता. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेड कसोटीत ० आणि ४. त्यानंतर त्याला कसोटी मिळालेली नाही. त्याच्या जागी पुढच्या मॅचला गिल आला, आणि मे २०२५ मध्ये तोच गिल भारताचा कसोटी कॅप्टन झाला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईनं पृथ्वीला रणजी टीममधून वगळलं. बातम्यांत फिटनेस आणि शिस्त ही कारणं आली. आयपीएलमध्ये दिल्लीनं २०२२ च्या सीझनसाठी त्याला साडेसात कोटींना राखलं होतं. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याची मूळ किंमत होती ७५ लाख. म्हणजे दहावा हिस्सा! आणि त्या भावालाही एकाही टीमनं बोली लावली नाही.

आपण दुकानदार माणसं. माल तोच, ब्रँड तोच, तरी भाव दहावर आला आणि तरीही उठाव नाही, हे बघितलं की आपल्याला प्रश्न पडलाच पाहिजे. मधे नेमकं काय झालं?

टॅलेंटवाल्यांचं काय चुकतं?

ते चांगले दिवस मोजतात. जानेवारी २०२३ मध्ये पृथ्वीनं आसामविरुद्ध ३७९ धावा ठोकल्या. रणजीच्या इतिहासातली तोपर्यंतची ती दुसऱ्या नंबरची खेळी. (पहिल्या नंबरवर कोण, ते पुढं सांगतो. तो माणूस आपल्या गावचा आहे!) वाद घालताना टॅलेंटवाले ही खेळी पुढं ठेवतात.

पण ३७९ म्हणजे दिवाळीचा सीझन झाला. दिवाळीला सगळ्याच दुकानात गर्दी असते. दुकान टिकतं की नाही हे पितृपक्षात कळतं. गिऱ्हाईक नाही, पाऊस लागून राहिलाय, तरी माणूस वेळेवर येतोय का, माल नीट लावतोय का, घड्या घालतोय का? निवड करणारा माणूस हे बघत असतो.

डिसेंबर २०२४ मध्ये विजय हजारे ट्रॉफीच्या टीममध्ये नाव आलं नाही, तेव्हा पृथ्वीनं सोशल मीडियावर आपले आकडे टाकले: ६५ डाव, ३,३९९ धावा, सरासरी ५५.७. आकडे खरे आहेत आणि दुखावला गेलेला माणूस असं करणारच. पण निवड समितीचा प्रश्न होता, आज तयारी काय आहे? कालच्या आकड्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. "मागच्या दिवाळीला सगळ्यात जास्त विक्री मीच केली होती," असं सेल्समन म्हणतो तेव्हा आपलंही हेच होतं. त्याचं बोलणं खरं असतं, पण आपण विचारलेलं वेगळंच असतं.

आणि अ‍ॅटिट्यूडवाल्यांचं?

त्यांची चूक मला जास्त महाग वाटते. "अ‍ॅटिट्यूड नाही" हा शब्द त्यांनी झाकणासारखा वापरलाय. एकदा झाकण लावलं की आत काय आहे ते बघायची गरजच उरत नाही. घोट्याची दुखापत हा काय अ‍ॅटिट्यूड आहे? अ‍ॅडलेडला तो दोन्ही डावांत बोल्ड झाला. आत येणारा चेंडू बॅट आणि पॅडच्या मधून गेला. हा तंत्रातला दोष, स्वभावाचा याच्याशी काय संबंध?

आणि त्यानंतर काय झालं बघा. टीममधून वगळल्यावर पृथ्वी घरी आला, प्रशिक्षकांना घेऊन नेटमध्ये त्याच दोषावर काम केलं, आणि २०२०-२१ च्या विजय हजारे ट्रॉफीत ८२७ धावा केल्या. एका सीझनमधला तो त्या वेळचा विक्रम होता. मुंबई ती स्पर्धा जिंकली.

आता सांगा, अ‍ॅटिट्यूड म्हणजे रक्तातच असलेली गोष्ट असती, तर त्या दोन-तीन महिन्यांत ती कुठून आली? माणूस तोच होता. त्या काळात त्यानं काम केलं आणि फळ मिळालं. पुढं ते काम कमी झालं. २०२५ मध्ये एका मुलाखतीत त्यानं स्वतःच सांगितलं की, आधी नेटमध्ये तासनतास बॅटिंग करायचो, नंतर क्रिकेटला वेळ कमी दिला, निर्णय चुकले.

मंडळी, आजचा मुद्दा हाच. अ‍ॅटिट्यूड हा माणसाच्या कपाळावरचा शिक्का नसतो. तो रोज काय केलं याचा हिशेब असतो. शिक्का पुसता येत नाही, हिशेब मात्र रोज लिहिता येतो आणि सुधारताही येतो.

तसं बघितलं तर हा वाद जुना आहे. आपल्या वडिलांच्या पिढीनं तो विनोद कांबळीवरून घातला. १७ कसोटी, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०, आणि शेवटची कसोटी १९९५ मध्ये, वय फक्त २३. "सचिनपेक्षा कांबळी सरस होता" आणि "सरस असून काय उपयोग" ही दोन वाक्यं तीस वर्षं समोरासमोर उभी आहेत. एक पार्टी तो काय करू शकला असता याबद्दल बोलते, दुसरी त्यानं काय केलं याबद्दल. विषयच वेगळे असतील तर निकाल लागणार कसा?

तिसरी गोष्ट, जी दोघंही विसरतात

आता तो पहिला नंबर. रणजीतली सर्वात मोठी खेळी ४४३ नाबाद, भाऊसाहेब निंबाळकर. जन्म कोल्हापूरचा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ही खेळी झाली. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या जागतिक विक्रमाची बरोबरी करायला फक्त ९ धावा हव्या होत्या. पण समोरच्या कॅप्टननं पुढं खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. डाव तिथंच थांबला. एवढी खेळी करूनही निंबाळकरांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही.

म्हणजे टॅलेंट आणि मेहनत याच्याबरोबर संधी हा तिसरा पाय लागतो, आणि तो माणसाच्या हातात नसतो. क्रिकेटमध्ये तो निवड समितीच्या हातात, दुकानात तुमच्या. पोरगा बोलायला हुशार आहे आणि तुम्ही त्याला गोडाऊनमध्ये गठ्ठे मोजायला बसवलाय. मग तो मोबाईल बघत बसला तर दोष नक्की कुणाचा?

आता दुकानातला हिशेब मांडू

समजा, तुमच्याकडं दोन सेल्समन आहेत. पहिला हुशार, आला त्या दिवशी ९,००० ची विक्री करतो, पण महिन्यात १५ दिवसच धड येतो. दुसरा साधा, दिवसाला ६,००० ची विक्री, पण २५ दिवस हजर.

पहिल्याची महिन्याची विक्री १,३५,०००. दुसऱ्याची १,५०,०००.

इथं बरेच जण म्हणतात, "बघा, साधा बरा! हुशार काढून टाका." थांबा. हुशार माणूस २२ दिवस आला तर? विक्री १,९८,०००. म्हणजे त्याच्या त्या ७ दिवसांची किंमत ६३,००० आहे. १५ टक्के मार्जिन धरलं तर ९,४५० रुपये महिन्याला. त्याला काढणं किंवा डोळे झाकून सांभाळणं, या दोन्हीपेक्षा ते ७ दिवस परत मिळवणं हा खरा धंदा आहे.

त्यासाठी एक वही करा. एका पानावर तीन रकाने.

पहिला रकाना, जमतं काय. गिऱ्हाईक बोलतं करतो, रंग अचूक सुचवतो, उधारी गोडीत वसूल करतो. जे असेल ते लिहा. राग आलाय म्हणून हा रकाना रिकामा ठेवू नका.

दुसरा रकाना, करतो काय. इथं फक्त डोळ्यांनी दिसणारं लिहायचं. "आळशी", "माजलाय", "मूडी" हे शब्द बंद. "या महिन्यात ९ दिवस अकरानंतर आला", "दाखवलेला माल परत लावला नाही", "चूक दाखवल्यावर तेच तीनदा केलं" असं लिहा.

तिसरा रकाना, का. यात त्याची कारणंही येतात आणि आपलीही. आमच्या दुकानात पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातून येणारा पोरगा रोज उशिरा यायचा. विचारल्यावर कळलं, सकाळची एसटी चुकली की दुसरी गाडी तासाभरानं. त्याची वेळ पावणेअकरा केली आणि रात्री दुकान वाढवायचं काम त्याच्याकडं दिलं. उशीर बंद. नुसतं "अ‍ॅटिट्यूड" म्हणत बसलो असतो तर चांगला माणूस गेला असता.

बोलायचं कसं?

गिऱ्हाईकांसमोर नाही, बाकीच्या पोरांसमोर तर अजिबातच नाही. दुकान वाढवल्यावर, चहा मागवून, दोघंच बसा. पहिला रकाना आधी वाचून दाखवा. मग दुसरा. मग विचारा, "का होतंय हे? माझ्याकडून काय पाहिजे?" आणि गप्प बसा. त्याला बोलू द्या.

शेवटी एकच गोष्ट ठरवा, दहा नाही. "पुढचे ३० दिवस साडेदहाला काउंटरवर." नियम सगळ्यांना सारखा. विक्री जास्त करतो म्हणून एकाला सूट दिली, की साधा सेल्समनही दोन महिन्यांत अकराला यायला लागतो. हे नुकसान वहीत दिसत नाही, गल्ल्यात दिसतं.

आणि तरीही सुधारणा नाही झाली तर?

कारण समजून घेतलं, आपल्या बाजूनं बदल केला, मुदत दिली, आणि दुसरा रकाना तसाच राहिला, तर मोकळं करा. पूर्ण हिशेब द्या, चांगल्या शब्दात निरोप द्या, पाठीमागं बदनामी करू नका. कोल्हापूरसारख्या गावात बाजारपेठ छोटी असते. तुमच्याकडं न जमलेला माणूस शेजारच्या पेठेत नाव काढू शकतो.

पृथ्वीचंच बघा ना. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळायला आला. ऑक्टोबरमध्ये केरळविरुद्ध पहिल्या सामन्याच्या पहिल्या डावात शून्य, आणि पुढच्याच सामन्यात चंदीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२. लगेच कट्ट्यावर टॅलेंटवाले जोरात आले. मी म्हणेन, घाई नको. २२२ पहिल्या रकान्यात लिहा, ते तिथंच शोभतं. दुसरा रकाना भरायला पूर्ण सीझन लागतो. तो चांगला भरावा अशी आपली सगळ्यांचीच इच्छा आहे. शेवटी आता तो आपल्या महाराष्ट्राचा खेळाडू आहे.

या आठवड्याचं काम: ज्या माणसाबद्दल तुम्ही सारखं "आहे भारी, पण..." असं म्हणता, त्याच्या नावाचं एक पान आज रात्री करा. तिन्ही रकाने भरा. तिसऱ्या रकान्यात तुमच्या स्वतःच्या बाजूचं निदान एक कारण आलंच पाहिजे. ते सापडत नसेल तर दुकानातल्या जुन्या माणसाला विचारा, त्याला माहीत असतं.

पुढच्या व्हिडिओत याच वहीवरून पगारवाढ कशी ठरवायची ते बघू. तोपर्यंत धंदा जोरात चालू दे!