वस्तीवरील किमान उंची

नव्या पनवेलच्या इमारतींवरून लहान विमानाने किती खालून जावे, हे वैमानिकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. दाट वस्तीवरून दृष्टीच्या भरवशावर उडणाऱ्याने, खास परवानगी नसल्यास, 600 मीटर त्रिज्येतील सर्वांत उंच अडथळ्याच्याही वर निदान 300 मीटर राहावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मोजमाप जमिनीपासून नव्हे, अडथळ्याच्या माथ्यापासून, ही यातील मेख. म्हणजे 100 मीटरांचा मनोरा उभा राहिला, की विमानाची किमान पातळी भुईपासून 400 मीटरांवर जाते. इंजिन बंद पडले, तरी विमान धोंड्यासारखे कोसळत नाही, सेस्ना 172 सारखे विमान एक मीटर उतरताना सुमारे नऊ मीटर पुढे सरकते, आणि म्हणूनच 300 मीटरांची शिल्लक असल्यास, वारा प्रतिकूल नसेल तर, अडीच किलोमीटरांच्या टापूत गाढी नदीचे पात्र किंवा खाडीकाठची निर्मनुष्य जागा शोधण्याची उमेद वैमानिकास राहते, जरी त्याच्या हाती जेमतेम सव्वा-दीड मिनिटच असले. उड्डाण व अवतरण यांना अर्थातच या नियमातून सूट आहे. तेथे निर्बंध विमानावर नव्हे, भोवतालच्या अडथळ्यांवर येतात, आणि डिसेंबर 2025 मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी तर उलव्याची टेकडीच कापून काढावी लागली.