पाजवणं आणि परजणं



मावळात व्याख्यान म्हटलं की लोहगड, विसापूर, कार्ला, भाजे यांच्यापासून सुरुवात करायची पद्धत आहे. आज आम्ही खिशात किंवा कमरेला मावेल एवढ्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. विषय आहे चाकू. त्यातही दोन प्रकार: घडीचा चाकू, आणि न मिटणाऱ्या पात्याचा, ज्याला बाजारात 'हंटिंग नाइफ' म्हणतात तो. अलीकडे आपल्या भागातली बरीच तरुण मुलं असे चाकू जमवतात. कुणी ट्रेकला नेतात, कुणी कपाटात मांडतात, कुणी नुसते फोटो काढतात. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं यात का पडावं, असं वाटेल तुम्हाला. पण वस्तू आणि माणूस यांचं नातं काय, हा आमच्या विषयाचाच प्रश्न आहे, आणि चाकूइतकी तो धारदारपणे विचारणारी वस्तू दुसरी नाही.

शब्दापासून सुरुवात

सुतार म्हणतो, "हत्यारं घेऊन येतो." त्याच्या पिशवीत काय असतं? रंधा, पटाशी, करवत. आणि वर्तमानपत्र छापतं, "हत्यारं जप्त". तिथं तलवार असते, सुरा असतो. शब्द एकच. पुष्कळांना वाटतं की हत्यार म्हणजे हत्येशी संबंधित काहीतरी. तसं नाही. भाषेचे अभ्यासक या शब्दाचं नातं 'हस्त' म्हणजे हाताशी जोडतात. हातात धरायचं ते हत्यार. त्यानं काय करायचं, ते शब्द सांगत नाही. ते हातानं ठरवायचं.

मराठीत आणखी दोन क्रियापदं आहेत. पाजवणं आणि परजणं. विळा पाजवायचा, म्हणजे त्याला धार लावायची. तलवार परजायची, म्हणजे ती उगारून, फिरवून दाखवायची. एक क्रिया कामाच्या आधीची आहे, खाली बसून, मान वाकवून करायची. दुसरी चारचौघांत उभं राहून करायची. चाकू बाळगणाऱ्याचं सगळं शील या दोन क्रियापदांत सांगता येतं, असं आमचं म्हणणं आहे. आता ते तपासून पाहू.

मावळचा चाकू म्हणजे कोयता

न मिटणाऱ्या पात्याचं हत्यार आपल्याकडे परदेशातून आलेलं नाही. मावळात ते घरोघरी आहे. कोयता. भाताचा राब भाजायचा तर आधी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडायला कोयता लागतो. कारवी तोडून तिच्या कुडाच्या भिंती करायच्या, तर कोयता. बांबू, कुंपण, सरपण, सगळीकडे तोच. ज्या कातकरी समाजाचं नावच खैराचा कात काढण्याच्या धंद्यावरून पडलं, त्या समाजाचा तर तो उजवा हात. खाली कोकणात कोयती कमरेला मागच्या बाजूला अडकवतात. ज्यात अडकवतात त्या लाकडी साधनाला आकडी म्हणतात. दोन्ही हात मोकळे राहतात आणि हवं तेव्हा मूठ हाताशी येते. आज बाजारात हजारो रुपयांना मिळणाऱ्या म्यानाचा हेतू वेगळा काय असतो?

कोयत्याची घडण नीट पाहा. पुढचा भाग जड, टोक आत वळलेलं. जड भागामुळे घाव आपल्या वजनानं बसतो, मनगटाला फार जोर लावावा लागत नाही. आत वळलेल्या टोकामुळे फांदी ओढून घेता येते. गावचा लोहार तो बऱ्याचदा गाडीच्या जुन्या कमानपाट्यापासून करतो, कारण ते पोलाद मुळातच चिवट असतं. तापवून, ठोकून झालं की पाणी द्यायचं. पातं लालबुंद असताना पाण्यात किंवा तेलात बुडवलं की धार कडक होते. पण नुसती कडक धार काचेसारखी तुटते, म्हणून पुन्हा बेतानं तापवून तिचा ताठा थोडा उतरवायचा. कडकपणा आणि चिवटपणा यांचा तोल साधणं, ही सगळी पात्यांची विद्या. लोहार ती रंगावरून ओळखतो. तांबूस, पिवळट, निळसर. पुस्तक न वाचता.

मिटणारं आणि न मिटणारं

आता घडीचा चाकू. त्याचा गुण उघड आहे: धार स्वतःच्याच मुठीत लपते, म्हणून खिशात ठेवता येतो. दोषही तिथंच आहे. जिथं तो मिटतो तो सांधा, तेवढाच तो कच्चा. न मिटणाऱ्या चाकूत पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असेल, तर मूठ फुटली तरी चाकू निकामी होत नाही. घडीच्या चाकूनं मात्र काही उचकटू नये, त्याच्यावर घाव घालू नये. खटका नसलेला साधा चाकू चुकीच्या बाजूनं दाब पडला की बोटांवरच मिटतो. यावर उपाय म्हणून निरनिराळे खटके निघाले. फ्रान्समधल्या सॅव्हॉय भागातला ओपिनेल हा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासून बनतो. त्याला १९५५ मध्ये फिरवून अडकवायची एक साधी कडी बसवली. स्विस अधिकाऱ्यांचा प्रसिद्ध चाकू १८९७ चा. त्यात पातं, बूच काढायचा स्क्रू, डबा उघडायचं साधन, सगळं एकत्र.

अशा अनेककामी चाकूला तत्त्वज्ञानात जुना टीकाकार आहे, बरं का. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स' ग्रंथाच्या सुरुवातीलाच डेल्फीच्या चाकूचा उल्लेख करतो. तिथले कारागीर एकाच चाकूत अनेक कामं कोंबत. ॲरिस्टॉटल म्हणतो, निसर्ग अशी कंजुषी करत नाही. एका कामाला एक साधन, तरच ते काम उत्तम होतं. तर्क बरोबर आहे. पण ड्यूक्स नोजच्या उतरणीवर पाठीवर ओझं घेऊन उतरणाऱ्याला ॲरिस्टॉटलपेक्षा स्विस कारागीर जवळचा वाटेल. साधन चांगलं की वाईट हे कामावर ठरतं, आणि कामात तुमची पाठ, तुमची वाट हेही आलंच.

आपल्या स्वयंपाकघरात हा सगळा भेद शतकानुशतकं आहे. विळी पाहा. चाकूत पातं फिरतं आणि भाजी स्थिर असते. विळीत पातं पायाखाली स्थिर आणि भाजी फिरते. घडी होणारी विळीही मिळते, पातं पाटावर आडवं होतं. आणि अडकित्ता! पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे, तो चाकू जमवणाऱ्या प्रत्येकानं पाहावा. मोर, घोडा, माणसं अशा आकारांचे अडकित्ते. काम काय, तर सुपारी कातरणं. एवढ्याशा कामासाठी कारागिरानं इतका जीव ओतला, कारण ती वस्तू रोज हातात यायची.

शिकार नसताना शिकारीचा चाकू

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा छंद म्हणून संपला, आणि ते योग्यच झालं. मग शिकारीच्या चाकूचं आज काय करायचं? ज्या कामासाठी तो घडवला, ते कामच उरलं नाही. संग्राहकानं हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

आमच्या मते दोन प्रामाणिक उत्तरं आहेत. एक, त्याला दुसरं काम द्या. दोर कापणं, काटक्या सोलणं, छावणीतला स्वयंपाक. दुसरं, त्याला कारागिरीचा नमुना म्हणून सांभाळा, कुणी केला, कशानं केला, याची नोंद ठेवा. नोंद नसलेला संग्रह म्हणजे नुसता साठा. जुना चाकू घेताना मूठ कशाची आहे ते आधी पाहा. हस्तिदंत, सांबरशिंग अशा मुठी दिसायला देखण्या असतात, पण वन्यप्राण्यांच्या अवयवांपासून केलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री याच कायद्याच्या कचाट्यात येते. लाकूड, पितळ यांच्या मुठी पुष्कळ मिळतात.

आणि कथेच्या मागे लागताना जपा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैत साताऱ्याला आली, लोकांनी ती भक्तीनं पाहिली. ती ग्रँट डफकडे होती. प्रतापगडावर १६५९ मध्ये वापरलेली हीच, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतः सांगतं. एवढ्या मोठ्या संस्थेला जे छातीठोकपणे म्हणता येत नाही, ते जुन्या बाजारातला विक्रेता प्रत्येक सुऱ्याबद्दल म्हणत असतो. वस्तूची किंमत द्या, गोष्टीची देऊ नका.

लोणावळ्याचा पाऊस आणि पाजवणं

आपल्याकडचा पाऊस पोलादाचा वैरी. साध्या पोलादाचं पातं रात्रीत गंजतं. म्हणून तीन गोष्टी. चाकू कातडी म्यानात साठवू नका, कातडं ओल धरून ठेवतं. म्यान फक्त नेण्यापुरतं. वापर झाला की पुसून, कोरडं करून शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवा. घडीच्या चाकूच्या सांध्यातली माती काडीनं काढा. 'स्टेनलेस'वर विसंबू नका, तेही गंजतं, उशिरा एवढंच.

धार लावताना पातं दगडाशी साधारण वीस अंशांत धरा, कोयत्यासारख्या जाड पात्याला थोडं जास्त. एका अंगानं घासत गेलं की दुसऱ्या अंगाला बारीक कड वळलेली बोटाला जाणवते. मग बाजू बदलायची. शेवटी कातड्यावर हलकेच फिरवायचं. घाई नाही. बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात निसटतो.

चीनच्या चुआंग-त्झू या विचारवंतानं एका खाटकाची गोष्ट सांगितली आहे. सामान्य खाटीक महिन्याला सुरा बदलतो, चांगला वर्षाला. याचा सुरा एकोणीस वर्षं तसाच. कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातली मोकळी जागा शोधतो. धार सुऱ्यात असते, पण ती टिकते पाहणाऱ्याच्या नजरेमुळे.

परजणं

आता अवघड भाग. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द रुळला. ज्या हत्यारानं मावळची शेती केली, त्याचं नाव दहशतीला मिळालं. पातं तेच, पोलाद तेच, लोहारही कदाचित तोच. बदललं काय? पाजवण्याची जागा परजण्यानं घेतली.

कायद्यालाही हा पेच चुकलेला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख येतो, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती वगळलेली आहेत. म्हणजे कायदा आधी पट्टी लावतो आणि मग हेतू विचारतो. याशिवाय पोलिसांचे मनाई आदेश असतात. त्या काळात चाकू घेऊन बाजारात हिंडलात, तर 'आम्ही ट्रेकर' हे उत्तर पुरत नाही. पिशवीत तळाशी ठेवा, वाटेवर काढा, परतताना पुन्हा तळाशी. विमानात हाताच्या सामानात तर नाहीच.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये सुरुवातीलाच एक प्रश्न आहे. मित्रानं शहाणा असताना शस्त्र ठेवायला दिलं. वेड लागल्यावर तो परत मागू लागला. द्यायचं का? वस्तू त्याची आहे, तरीही द्यायचं नाही, असं उत्तर येतं. चाकू विकणारा, भेट देणारा, उसना देणारा, या प्रत्येकाला हा प्रश्न लागू आहे. मालकी हा पुरेसा अधिकार नाही. संतापलेल्या पोराला त्याचाच कोयता त्या घटकेला न देणारी आजी प्लेटो न वाचताच बरोबर वागते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, 'दमास्कस' म्हणून ऑनलाइन मिळणारे चाकू घ्यावेत का?*

पात्यावरची नागमोडी नक्षी म्हणता ना? आज ती बहुधा दोन प्रकारचं पोलाद एकत्र ठोकून, आम्लात बुडवून उठवतात. जुनं दमास्कस वेगळं. ते दक्षिण भारतात मुशीत केलेल्या पोलादापासून व्हायचं. स्वस्त चाकवांत नक्षी वरवरची असू शकते आणि आतलं पोलाद कोणतं ते कुणी सांगत नाही. विक्रेता पोलादाचं नाव आणि पाणी कसं दिलं ते सांगत नसेल, तर घेऊ नका. त्यापेक्षा आपल्या लोहाराकडून एक करून घ्या. समोर बसून पाहता तरी येईल.

*प्रश्न: मुलांच्या हातात चाकू कधी द्यावा?*

वय आम्ही सांगणार नाही, क्रम सांगतो. आधी पुसायला द्या. मग धार लावायला, शेजारी बसून. मग कापायला, स्वतःपासून दूर, बसून. दुसऱ्याला देताना मूठ पुढे करायची, हे पहिल्या दिवसापासून. आणि बचावकार्यात जाणाऱ्या मुलांसाठी एक जास्तीचं: ताणलेल्या दोराजवळ उघडं पातं नेऊ नका, नुसत्या स्पर्शानं दोर तुटतो. ज्या मुलानं महिनाभर चाकू पाजवला आहे, तो परजायला सहसा जात नाही. त्याला ठाऊक असतं की उगाच एक घाव दगडावर बसला, तर संध्याकाळ पुन्हा धारेच्या दगडापाशी जाणार आहे.