डोक्यावर उभा, पायांनी जेवतो!

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या खडकांवर अनवाणी चढलात, तर तळपायाला कचकन बोचतात ते पांढुरके, शंकूसारखे ठिपके म्हणजे बार्नॅकल. दिसायला शिंपल्यांचे भाऊबंद, पण खरं नातं खेकड्या-कोळंबीशी! पूर्वीच्या अभ्यासकांनीही त्यांना शिंपल्यांच्याच पंगतीला बसवलं होतं. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी त्यांच्या पिल्लांच्या रूपांतराचं निरीक्षण प्रसिद्ध केलं आणि कूळ उघड झालं.

पिल्लू जन्मतं ते एकाक्ष आणि पोहणारं. खातं, कात टाकतं, वाढतं. मग येते शेवटची, सगळ्यात नाट्यमय अवस्था, सायप्रिड. हे पोर अन्नाला तोंडच लावत नाही. साठवलेल्या चरबीवर गुजराण करत फक्त जागा शोधत फिरतं. दोन स्पर्शिकांवर पावलं टाकत खडक चाचपतं. जातभाई आधीच राहत असतील तर ती जागा जास्त पसंत. शेजारी हवेतच, का ते पुढे कळेल. एकदा पसंती झाली, की डोक्याकडून डिंक सोडून उलटं चिकटायचं आणि भोवती चुन्याचं घर बांधायचं. मुक्काम कायमचा.

भरतीला घराचं झाकण उघडतं आणि पिसांसारखे पाय बाहेर येतात. सहा जोड्या! पाण्यातून जाळ्यासारखे फिरवून ते अन्नकण तोंडाकडे ओढतात. ओहोटीला झाकण बंद, आत ओलावा शाबूत. हृदय नाहीच, तरी रक्त खेळतं!

जागचं हलता येत नाही, मग लग्न कसं जमायचं? बहुतेक बार्नॅकल एकाच वेळी नरही असतात आणि मादीही, तरी जोडीदार लागतोच. म्हणून शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीतलं सर्वांत लांब शिश्न यांच्याकडे आहे. काही जातींत ते शरीराच्या आठपट भरतं! लाटांचा मारा जिथे जास्त, तिथे ते आखूड आणि जाड होतं. निसर्गाची ही तडजोड मला फार आवडते.

सगळेच असे सरळमार्गी नाहीत. सॅक्युलिना नावाचा बार्नॅकल खेकड्याच्या अंगात शिरतो, मुळांसारखे तंतू पसरतो आणि खेकडीची अंडी असतात नेमक्या त्याच जागी, पोटाखाली, आपली पिशवी बाहेर काढतो. खेकडा ती स्वतःचीच अंडी समजून जपतो. यजमान नर असला, तरी त्याचं पोट मादीसारखं रुंदावतं आणि तोही आईसारखा वागू लागतो!

चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्यांना वाहिली. आज मुंबई-गोव्याच्या बंदरांत जहाजांच्या बुडाला चिकटून इंधनाचा खर्च वाढवणारी अँफिट्राइट ही जात त्यांनीच १८५४ मध्ये नोंदवली. तिची पिल्लं कुठे आणि कशी चिकटतात, याचा अभ्यास गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाला आहे.